पाचशे एक वजा खांदेश्वर

विश्वविजेत्याच्या पोटाकडे पाहून प्रेक्षकाला धीर यावा, असा आता जगात एकच खेळ उरलाय, आणि तो म्हणजे डार्ट्स. बाकीच्या खेळांनी आपल्याला नुसती लाज दिली. टेनिसमध्ये पस्तिशी ओलांडलेला माणूस चार-चार तास पळतो आणि वर मुलाखतीत हसतो. आपली सगळी भिस्त क्रिकेटवर होती. पूर्वी स्लिपमध्ये एखादा तरी भारदस्त गृहस्थ उभा असायचा आणि चेंडू पायाशी आला तरच वाकायचा. आता तिथेही यो-यो टेस्ट आली. राहता राहिले डार्ट्सवाले. चाळिशी, चष्मा, सैल शर्ट, खिशात पेन नाही एवढाच काय तो फरक.

आणि नुसते दिसायलाच आपल्यातले नाहीत, आलेही आपल्यातूनच. रेमंड व्हान बार्नवेल्ड हा डच गडी पोस्टमन होता. रॉब क्रॉस वायरमन होता. तो २०१८ ची जागतिक स्पर्धा खेळायला पहिल्यांदाच गेला आणि ती जिंकूनच घरी आला. ल्यूक हम्फ्रीज छपरांची कामं करायचा. आणि या खेळाचा देव मानला जाणारा फिल टेलर, तब्बल १६ वेळा विश्वविजेता, आधी एका कारखान्यात संडासातला कागद अडकवण्याच्या चिनी मातीच्या मुठी बनवत असे. देवाचा पूर्वाश्रम इतका साधा असलेला दुसरा खेळ मला माहीत नाही.

या टेलरला नोकरी सोडून खेळ म्हणून पैसे कोणी दिले, तर एरिक ब्रिस्टोने. ब्रिस्टो स्वतः पाच वेळचा विश्वविजेता. त्याने पोरात गुण पाहिले, सुमारे १० हजार पौंड काढून दिले आणि सराव करून घेतला. १९९० साली टेलर जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. समोर कोण? ब्रिस्टो. टेलरने त्याला ६-१ असा धुतला. हातउसने देणाऱ्याचं पुढे काय होतं, याची इतकी स्वच्छ नोंद कुठल्याही पतपेढीच्या दप्तरात सापडायची नाही.

आता खेळ सांगतो. नवी मुंबईतल्या आमच्या खांदेश्वरला मी ज्याला ज्याला डार्ट्स म्हटलं, त्या प्रत्येकाला वाटलं की मधल्या लाल टिकलीवर बाण मारायचा, की झालं. तसं नाही. मधल्या टिकलीला ५० गुण आहेत. पण वर, विसाच्या फाकेत, एक बारीक तिहेरी पट्टी आहे. तिथे बाण बसला तर वीस त्रिक साठ. केंद्रापेक्षा बाहेर जास्त मिळतं, हे ऐकून राज्य सरकारांनी हुरळून जाऊ नये. कारण विसाच्या एका बाजूला आहे १ आणि दुसऱ्या बाजूला ५. नेम केसभर हुकला की साठाचे पाच होतात, नाहीतर एक. आकड्यांची ही मांडणी १८९६ मध्ये ब्रायन गॅमलिन नावाच्या सुताराने केली असं सांगतात, मात्र त्याचा धड पुरावा कोणाला सापडलेला नाही. मला तरी यात सिडकोचा हात दिसतो. २० नंतर १, मग १८, मग ४, मग १३. आमच्याकडे पत्ता शोधत फिरणाऱ्या कुरियरवाल्याला ही तबकडी दाखवली, तर तो अजिबात गोंधळणार नाही. सेक्टर असेच तर येतात.

खेळाची सुरुवात ५०१ पासून. गुण मिळवायचे नाहीत, होते ते घालवायचे. तीन-तीन बाण मारायचे, मिळेल तो आकडा वजा करत जायचं आणि बरोबर शून्यावर यायचं. शिवाय शेवटचा बाण दुहेरी पट्टीतच लागला पाहिजे, नाहीतर मधल्या टिकलीत. ही दुहेरी पट्टी तबकडीच्या अगदी कडेला असते. तिची रुंदी ८ मिलिमीटर. मारायचं ७ फूट सव्वानऊ इंचांवरून. आणि उरलेल्या आकड्यापेक्षा जास्त घेतले, तर? तर त्या खेपेचं सगळं रद्द. जिथे होता तिथे परत. याला बस्ट म्हणतात.

बस्ट म्हणजे काय, हे इंग्लंडात पोरांना समजावून सांगावं लागत असेल. खांदेश्वरकराला नाही लागत. सीएसएमटीहून सुटलेली पनवेल लोकल वडाळा, कुर्ला, वाशी असं करत एकेक स्टेशन वजा करत येते. नेरूळच्या पुढे गाडी रिकामी होते, बसायला जागा मिळते. जागा मिळाली की वारा लागतो आणि वारा लागला की डोळा. इथवरचा प्रवास कोणीही करतं, त्यात कसब नाही. कसब आहे ते मानसरोवर गेल्यानंतर आणि पनवेल यायच्या आत जागं होण्यात, कारण खांदेश्वर हे शेवटून दुसरं स्टेशन. पनवेलवाल्याला गाडीच थांबून उठवते. आपल्याला नेमकं उतरावं लागतं. चुकलं की थेट पनवेल, मग जिना, पलीकडचा प्लॅटफॉर्म आणि उलटी गाडी. म्हणजे पुन्हा होतो तिथेच. फक्त घरी पोळ्या गार.

हा खेळ पाहू लागल्यापासून माझं एक मत बनलंय. साठ मारणं अवघड नाही. म्हणजे मला अवघड आहे, पण जे व्यावसायिक आहेत ते अर्ध्या झोपेतही साठ मारतात. माणूस ओळखू येतो तो शेवटच्या दुहेरीला. हत्ती सगळेच नेतात, शेपटाला घाम फुटतो.

१९९२ ची अंतिम फेरी घ्या. एकीकडे टेलर, दुसरीकडे माइक ग्रेगरी. सेट ५-५ बरोबरीत आणि शेवटच्या सेटमध्ये ग्रेगरीला विश्वविजेता व्हायला फक्त एक दुहेरी हवी होती. त्यासाठी एक नाही, दोन नाही, सहा बाण मिळाले. सहाही चुकले. टेलर ६-५ ने जिंकला. ग्रेगरीला नंतर आयुष्यभर त्या सहा बाणांबद्दलच विचारलं गेलं असणार. आधी अचूक मारलेल्या शेकडो बाणांची चौकशी कोण करतं? आमच्या बिल्डरने सात मजले चढवले, लिफ्ट बसवली, रंग काढला. पण लोक काय विचारतात, तर कन्व्हेअन्स झालं का. शेपूट.

याहून क्रूर प्रकार ३ जानेवारी २०२३ च्या अंतिम फेरीत झाला. ५०१ वरून शून्यावर यायला कमीत कमी नऊ बाण लागतात. पहिल्या तीनात १८०, पुढच्या तीनात १८० आणि उरलेले १४१ असे: वीस त्रिक साठ, एकोणीस त्रिक सत्तावन्न, बारा दुणे चोवीस. मायकेल व्हान गेर्वेनने आठ बाण अचूक बसवले. नववा, बारा दुणे चोवीसचा, चुकला. प्रेक्षक अजून हळहळतायत तोच मायकेल स्मिथ पुढे आला. त्याचेही सहा बाण अचूक झालेले होते. त्याने उरलेले तीन मारले. साठ, सत्तावन्न, चोवीस. संपलं. शेजाऱ्याची शेपटावर अडकलेली फाइल अजून टेबलावर, आणि त्याच टेबलावरून आपली सही होऊन बाहेर. स्मिथ ती स्पर्धाही जिंकला.

पण शेपटाची खरी शोकांतिका ब्रिस्टोची. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याला एक विचित्र दुखणं जडलं. बाण हातातून सुटेचना. नेम धरलाय, कोपर वर आहे, मनगट तयार आहे आणि बोटं ऐकत नाहीत. या दुखण्याला डार्टायटिस असं रीतसर नाव आहे. मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही, कारण पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर पेन टेकवून पंधरा मिनिटं तसेच बसलेले तीन सभासद आमच्याच सोसायटीत आहेत. पेन चालू आहे, हात ठीक आहे, वाचूनही झालंय. सुटत नाही, एवढंच.

जागतिक स्पर्धा बाद फेरीची असते. हरला की घरी. साखळी नाही, नेट रन रेट नाही, ‘त्यांनी ह्यांना हरवलं आणि पाऊस पडला तर आपण’ अशी मध्यमवर्गीय आशा नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेपासून खेळाडूंची संख्या ९६ वरून १२८ झाली. १२८ चे ६४, मग ३२, १६, ८, ४, २, १. नवलाची गोष्ट म्हणजे खेळाडू दुहेरीसाठी आकडाही असाच उरवतात. सगळ्यांना ३२ राहिलेले आवडतात. सोळा दुणे बत्तीस. दुहेरी हुकून बाण साध्या सोळात गेला तर उरतात १६, म्हणजे दुहेरी आठ. तीही तशीच हुकली तर आठ, मग चार, मग दोन. निम्मं निम्मं होत माणूस शेवटाकडे सरकतो, पण अडत नाही. दोन उरले की मात्र खाली जागा नाही. तिथे दुहेरी एकच बसली पाहिजे. याबद्दल पुढे बोलायचंय.

ही स्पर्धा भरते लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये, २००७ च्या डिसेंबरपासून तिथेच. उत्तर लंडनमधल्या एका टेकडीवरची ही वास्तू १८७३ साली लोकांसाठी खुली झाली आणि सोळाव्या दिवशी जळाली. आपल्याकडे उद्घाटनानंतर निदान पहिला पावसाळा तरी काढतात. १८७५ मध्ये ती पुन्हा उभी राहिली आणि १९३६ मध्ये बीबीसीने तिथून नियमित दूरचित्रवाणी सुरू केली. आज तिथे हजारो माणसं केळी, जोगिणी आणि रस्त्यावरचे नारिंगी शंकू अशा वेषांत येतात आणि बरीचशी मंचाकडे पाठ करून गातात. खेळाडू मंचावर यायच्या आधी गाणं वाजतं, धूर सोडतात, निवेदक त्याचं टोपणनाव ओरडतो. पीटर राइट डोक्यावर रंगीत तुरा घेऊन येतो. तो तुरा त्याची बायको करते, ती केशभूषाकार आहे. भर थंडीत दिव्यांच्या उबेला कुठून तरी गांधीलमाशी येते आणि ऐन नेमाच्या वेळी खेळाडूच्या मानेवर बसते. एवढ्या गोंगाटात तो इसम शांतपणे १४१ मधून सत्तावन्न वजा करत असतो. आमच्या लहानपणी पाढे म्हणताना बाहेर नुसती कल्हईवाल्याची हाक आली तरी आम्ही एकोणिसाच्या पाढ्यात पडायचो.

पाढ्यांवरून आठवलं. हा खेळ इंग्रजांनी दारूच्या गुत्त्यात वाढवला असला, तरी त्याचं खरं घर मराठी शाळेत होतं. दुणे आणि त्रिक, बास. त्यापुढचं काही लागतच नाही. पावकी, निमकी, अडीचकी घोकलेली एक अख्खी पिढी आपल्याकडे बाण न मारताच निवृत्त झाली, याचं मला फार वाईट वाटतं.

रात्रीचं सत्र लंडनला सातला सुरू होतं, म्हणजे आमच्याकडे साडेबाराला. टीव्हीचा आवाज बंद ठेवावा लागतो, पण बघणाऱ्याचा आवाज बंद करायची सोय नाही. पहिल्या १८० ला मी ओरडलो तेव्हा आतून प्रश्न आला, “अहो, कोण गेलं?” मी म्हटलं, “कोणी नाही, एकशेऐंशी झाले.” त्यावर आतून, “आता बीपीची गोळी घ्या आणि झोपा.” रक्तदाबाचा आकडा म्हणूनही तो वाईट होता, हे मला मान्य.

मुलाला मी हा खेळ दाखवायचा प्रयत्न केला. तो बारावीला. त्याला म्हटलं, हा ल्यूक लिटलर बघ. सोळाव्या वर्षी अंतिम फेरीला, हम्फ्रीजकडून हरला. सतराव्या वर्षी, ३ जानेवारी २०२५ ला, व्हान गेर्वेनला ७-३ हरवून विश्वविजेता, आजवरचा सगळ्यांत लहान. परत पुढच्या वर्षी जियान व्हान वेनला ७-१ ने. त्या खेपेला बक्षीस होतं १० लाख पौंड. आपले साधारण बारा कोटी. हे सांगताना माझ्या लक्षात आलं की सतराव्या वर्षी आपल्याकडे पोराच्या परीक्षेसाठी घरातला टीव्ही बंद असतो, आणि आमच्याकडे तो नेमका मीच चालू ठेवला होता. मुलगा शांतपणे म्हणाला, “बाबा, त्याच्या वडिलांनी त्याला बोर्ड आणून दिला. तुम्ही मला सीईटीचा फॉर्म आणून दिलात.” विषय तिथेच थांबवला.

त्याच स्पर्धेत, डिसेंबर २०२५ मध्ये, नितीन कुमारने पहिल्या फेरीत हॉलंडच्या रिचर्ड व्हेनस्ट्राला हरवलं. या स्पर्धेत सामना जिंकणारा तो पहिला भारतीय. आधीही तो तिथे गेला होता, हरून आला होता, पुन्हा गेला होता. टोपणनाव रॉयल बेंगॉल. पुढच्या फेरीत तो बाद झाला, ते ठीक. बाद फेरीत १२८ पैकी १२७ जण बादच होतात, तो तर त्या स्पर्धेचा मूळ उद्योगच आहे. ही बातमी मी सकाळी गेटपाशी चार जणांना सांगितली. एकाने विचारलं, “हे ऑलिंपिकमध्ये आहे का?” नाही म्हटल्यावर तो म्हणाला, “मग बरं.” दुसऱ्याने विचारलं की एअरपोर्ट नक्की कधी सुरू होतोय.

त्याचं चुकलं नाही. आमच्याकडे तेव्हा एकच विषय होता. नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला आणि प्रत्यक्ष विमान उडालं २५ डिसेंबरला. नाताळात डार्ट्सवाले तीन दिवस सुट्टी घेतात. म्हणजे लंडनचा मंच रिकामा असताना आमच्या डोक्यावर शेवटची दुहेरी बसली. त्यानंतर मात्र खांदेश्वरचे दलाल फ्लॅटचे दर सांगताना १८० पुकारणाऱ्या पंचाच्या आवाजात बोलू लागले.

बारा कोटींचा आकडा सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तो कोणी टाकला हे इथे सांगायची गरज नाही. २६ जानेवारीला आमच्याकडे झेंडावंदन, सत्यनारायण आणि कॅरमची बाद फेरी असते. तरुण मंडळींनी ठराव आणला की यंदा कॅरमऐवजी डार्ट्स. कॅरमवाले नाराज झाले. मराठी माणसाने जगाला कॅरमचे विश्वविजेते दिले, पुण्याचा योगेश परदेशी, मुंबईचा प्रशांत मोरे, आणि तुम्ही हे काय दारूवाल्यांचं घेऊन बसलात, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त होता. पण कॅरम बोर्डाचा एक पाय गेल्या वर्षीच्या उपांत्य फेरीत गेला होता आणि खजिनदारांनी तो दुरुस्त करायला तीन कोटेशनं मागवली होती. त्यातलं तिसरं अजून यायचं होतं. डार्ट्सला पाय नसतात, या मुद्द्यावर ठराव मंजूर झाला.

बोर्ड आला. तो लावायचा कुठे? नियमाप्रमाणे टिकली जमिनीपासून ५ फूट ८ इंचांवर हवी. सोसायटीच्या ऑफिसात एक भिंत मोकळी होती, पण सेक्रेटरी म्हणाले की स्ट्रक्चरल ऑडिट चालू असताना भिंतीला खिळा ठोकता येणार नाही. खिळ्याऐवजी हुक चालेल का, यावर अर्धा तास गेला. हुक चालला. मग ७ फूट सव्वानऊ इंच मोजले, तर रेघ ऑफिसच्या दाराबाहेर आली. आत जुन्या दप्तराचं गोदरेज कपाट आहे, ते हलवलं तर रेघ आत येते. पण त्या कपाटाची किल्ली पहिल्या कमिटीकडे आहे आणि पहिली कमिटी डोंबिवलीला राहायला गेली.

त्यामुळे आमचे खेळाडू लॉबीत उभे राहून, दारातून, ऑफिसातल्या भिंतीवर बाण मारत होते. लॉबीतून लिफ्टला जायचा एकच रस्ता. दर दोन बाणांनंतर कोणीतरी जायचं. वॉचमनकाकांना पंच केलं होतं. ते गुण पुकारायचे आणि मध्येच, “ताई, थांबा, बाण चाललाय,” असंही पुकारायचे. जेवण घेऊन आलेला एक डिलिव्हरीवाला चार खेळाडूंचं होईस्तोवर उभा राहिला, मग म्हणाला, “काका, माझी पण एक चिठ्ठी टाका ना.”

खजिनदारांनी एकच अट घातली होती: थकबाकीदारांना प्रवेश नाही. आता नेम उत्तम असलेला सोसायटीतला एकमेव माणूस हा सहा महिन्यांचा थकबाकीदार होता. पनवेलच्या जत्रेत बंदुकीने ओळीने सगळे फुगे फोडून स्टॉलवाल्याला हात जोडायला लावणारा तो हाच. ग्रुपवर त्याची मनधरणी झाली, त्याने २५ तारखेच्या रात्री सगळा मेंटेनन्स व्याजासकट भरला. खजिनदार तेव्हापासून डार्ट्सचे कट्टर समर्थक आहेत. बारा कोटींचं सांगू नका, ते म्हणतात, आमची तर स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच वसुली झाली.

एकूण तेरा नावं आली. बाद फेरीला तेरा हा आकडा वाईट. सोळाचा तक्ता करायचा तर तिघांना पुढे चाल द्यावी लागते. चिठ्ठ्या टाकल्या. पहिला बाय सेक्रेटरींना, दुसरा खजिनदारांना. लोकांच्या भुवया वर गेल्या. मग तिसरा निघाला तो नेमका दर सर्वसाधारण सभेत कमिटीवर संशय घेणाऱ्या गृहस्थांना, आणि भुवया खाली आल्या. पहिल्यांदाच त्या गृहस्थांना प्रक्रिया पारदर्शक वाटली.

प्रवेशाची गाणी हवीतच, असा पोरांचा हट्ट होता. सत्यनारायणासाठी आणलेला स्पीकर होताच. पोथीचा तिसरा अध्याय संपला की एक खेळाडू लिफ्टमधून बाहेर यायचा. टोपणनावं ठेवली गेली. कोणी ए-विंगचा वाघ, कोणी चौथ्या मजल्याचं वादळ. थकबाकीदाराला पोरांनी ‘व्याजासकट’ हे नाव दिलं, तेवढं मात्र खरोखर व्यावसायिक दर्जाचं होतं.

५०१ पासून खेळलो तर होळीपर्यंत चाललं असतं म्हणून १०१ ठेवले. तांत्रिक सल्लागार म्हणून माझा शब्द एवढाच चालला की शेवट दुहेरीनेच झाला पाहिजे. लोक तीस-चाळीसवर पटापट आले. तिथून पुढे सगळे बसले. एकेका सामन्याला पाऊण तास लागू लागला. २०, ५, १, म्हणजे सव्वीस, हा तीन बाणांचा आकडा इतक्या वेळा लागला, की वॉचमनकाकांनी तो प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने ठेवलेला आहे, असंच काही काकांना वाटलं. सेक्रेटरी बाय मिळूनही पहिल्याच सामन्यात हरले. हरल्यावर त्यांनी रेघ पुन्हा मोजायला लावली.

अंतिम फेरीला दोघं आली. एक व्याजासकट. दुसऱ्या, सी-विंगच्या काकू, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. काकूंचा नेम बेताचा, पण वजाबाकी जबरदस्त. समोरच्याच्या हातातून बाण सुटायच्या आत त्या उरलेला आकडा सांगायच्या, त्यामुळे प्रतिस्पर्धी खचायचा. उपांत्य फेरीत एका इंजिनिअर मुलाला त्यांनी बाण मारता मारता विचारलं होतं, “सतरा त्रिक?” तो तिथेच संपला. डिसेंबर २०१९ मध्ये फॅलन शेरॉकने जागतिक स्पर्धेत पुरुष खेळाडूला हरवलं, तसं करणारी ती पहिलीच बाई. हे मी काकूंना मोठ्या कौतुकाने सांगितलं. काकू म्हणाल्या, “पहिलीच? मग आधी काय करत होत्या सगळ्या?”

अंतिम सामन्यात व्याजासकट ३२ वर आला. सोळाला मारलं, साध्या सोळात गेलं. आठाला मारलं, साध्या आठात. मग चार, मग दोन. तिकडे काकूही अशाच, अत्यंत शिस्तीत, दोनवर आल्या. दोघांना एकच हवी होती: दुहेरी एक. ती जागा कुठे असते, हे आधी सांगितलंच आहे, विसाला चिकटून, वरच्या कडेला, ८ मिलिमीटर. अर्धा तास गेला. बाण तबकडीच्या बाहेर जाऊन हुकाभोवतीचा रंग उडवू लागले. व्याजासकट दोनदा विसात मारून बस्ट झाला, पुन्हा दोनवर आला. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, पावभाजीची भाजी दोनदा गरम केली. शेवटी सेक्रेटरी पुढे आले आणि म्हणाले की दोघांपैकी कोणीही कुठेही मारलं तरी जिंकलं असं धरू. काकू म्हणाल्या, “मी चाळीस वर्षांत कोणाला कृपागुण देऊन पास केलं नाही. स्वतःला देऊ?”

दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. “सर्व सभासदांस कळविण्यात येते की, डार्ट्स स्पर्धेची अंतिम फेरी वेळेअभावी तहकूब करण्यात आली असून, ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी सकाळी १० वाजता सोसायटी कार्यालयाच्या दाराबाहेर घेण्यात येईल. गणसंख्येअभावी तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व त्यास गणसंख्येची अट राहणार नाही. दोन्ही स्पर्धकांनी चालू महिन्याचा मेंटेनन्स भरल्याची पावती सोबत आणावी.”

काकूंनी पावती त्याच संध्याकाळी दाखवली. व्याजासकटचा फेब्रुवारी अजून यायचाय.